आग रामेश्वरी, स्क्रूड्रायव्हर सोमेश्वरी

पहिल्यांदा स्की सुटली तेव्हा मी पडलेलो नव्हतो. उतार साधाच होता, फक्त रात्रीत बर्फ गोठून काचेसारखा झाला होता. वळण संपवून आडवा चाललो होतो. डाव्या पायाखाली स्की थरथरत होती, आणि त्या थरथरीत अचानक पाय हलका झाला. पडलो तो त्यानंतर. म्हणजे आधी स्की सुटली आणि मग मी पडलो. हा क्रम तेव्हाच नीट डोक्यात घेतला असता तर पुढचे तीन आठवडे आणि एक गुडघा वाचला असता.

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीवर अडकवणारे दोन तुकडे, एक पंजापुढे आणि एक टाचेमागे. त्याला दोन कामं सांगितलेली असतात आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बूट धरून ठेव, आणि पाय मोडायची वेळ आली की सोड. सोडायला उशीर झाला तर हाड जातं. लवकर सोडला तर माणूस भर वेगात एका पायावर उरतो, आणि समोर झाड, खडक किंवा दुसरा माणूस असू शकतो. स्की न सुटण्याची भीती सगळ्यांनाच असते. अवेळी सुटण्याची मला तोवर नव्हती.

त्या हंगामात माझ्याकडे एकच गोष्ट नवी होती, ती म्हणजे बूट. जुन्यांची आतली गादी बसून गेली होती, म्हणून त्याच मापाचे दुसरे घेतले. माप तेच, तेव्हा बाकी सगळं तेच, असा माझा हिशेब. घरी बूट स्कीवर ठेवला, टाच दाबली, टक्क आवाज आला, ब्रेकचे दोन्ही दांडे वर उचलले गेले. बसला की! आणखी काय बघायचं असतं?

बघायचं असतं ते बुटाच्या टाचेजवळ, बाहेरच्या बाजूला प्लास्टिकवर उठवलेलं असतं. तिथे मिलिमीटरमध्ये एक आकडा असतो. तो पायाचं माप सांगत नाही, बुटाच्या कडक तळाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी सांगतो. पायाचं माप तेच असलं तरी दोन बुटांमध्ये ही लांबी वेगळी असू शकते. माझ्या जुन्या बुटावर ३१३ होते आणि नव्यावर ३०९. चार मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाच्या रुंदीपेक्षाही कमी. हे मला कळलं ते फार उशिरा.

दुसऱ्यांदा स्की सुटली ती तशाच टणक बर्फावर, एका खळग्यातून वर येताना. सोबतचा मित्र मागून माझी स्की उचलून घेऊन आला आणि म्हणाला, "अरे, तू डाव्या पायावर भारच टाकत नाहीस. मागे रेलतोस." हे खोटं नव्हतं. घाबरलो की मी मागे रेलतो, आणि मागे रेलणाऱ्याच्या स्कीची टोकं भरकटतात हेही खरं. तरी मनाला पटेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आयुष्यातला एक बऱ्यापैकी शास्त्रीय प्रयोग केला. स्कींची अदलाबदल केली, डावी उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात. दुपारपर्यंत उजव्या पायातली स्की सुटली. सुटली ती तीच, फक्त पाय बदलला होता.

म्हणजे दोष पायात नव्हता, स्कीत होता. इथवर माझं डोकं ठीक चाललं. पुढचं पाऊल मात्र चुकलं: स्की लवकर सुटते म्हणजे स्प्रिंग ढिला झाला असणार, मग तो आवळायचा. मित्रानेही दुजोरा दिला, "दोन नंबर वाढव, बघ कशी गप बसते."

हा नंबर म्हणजे ज्याला सगळे 'डिन' म्हणतात तो. हे जर्मन मानक संस्थेच्या नावाचं लघुरूप, आणि तेच त्या आकड्याचं नाव होऊन बसलं. पुढच्या तुकड्यावर एक छोटी खिडकी असते आणि टाचेच्या तुकड्यावर एक. खिडकीत आकड्यांची पट्टी दिसते, शेजारचा स्क्रू फिरवला की आत स्प्रिंग आवळला जातो आणि पट्टीवरची खूण सरकते. पुढचा तुकडा बूट आडवा सोडतो, पाय पिळला गेला तर. टाचेचा तुकडा वर सोडतो, माणूस तोंडावर पुढे गेला तर. बरेच जण या आकड्याला किलो समजतात. मीही समजत होतो. तो किलो नव्हे, पट्टीवरचं एक स्थान आहे.

मी सहावरून आठवर गेलो, चारही खिडक्यांत. घरातल्या साध्या फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने केलं, त्यात एका स्क्रूचं डोकं थोडं चावलं गेलं. तेव्हा त्याकडे दुर्लक्ष केलं, त्याचं पुढे येईलच.

आठवर दीड दिवस बरा गेला. मग एका कडक उतारावर पुन्हा तेच. थरथर, हलका पाय, बर्फात तोंड. संध्याकाळी चिडून नऊ केले.

आणि नऊवर असताना तो प्रसंग घडला. वेग जवळपास नव्हताच. लिफ्टच्या रांगेकडे जाताना खाली एकाला वाट देण्यासाठी थांबायला गेलो, मागे बसल्यासारखा झालो, आणि डावी स्की आतल्या कडेवर अडकून बाहेर वळत गेली. मी एकीकडे, स्की दुसरीकडे आणि मध्ये गुडघा. फार हळू झालं सगळं. स्की सुटेल, आता सुटेल, असं म्हणायला वेळ मिळाला इतकं हळू. ती सुटली नाही. गुडघ्यात ओल्या फडक्याला पीळ द्यावा तसं काहीतरी झालं. नशिबाने लचकण्यावर निभावलं, पण दहा दिवस जिना चढताना कठड्याची आठवण ठेवावी लागली.

जी स्की भर वेगात नको तेव्हा सुटत होती, ती उभ्या-उभ्या पडताना हवी तेव्हा सुटली नाही. एकाच स्कीचे हे दोन अवतार बघितल्यावर मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि स्की, बूट सगळं घेऊन बाइंडिंगचं काम करणाऱ्या एका दुकानात गेलो.

तिथे कामाला एक वयस्क बाई होत्या. मी कहाणी सुरू केली तशी त्यांनी हात वर केला. "आधी एक सांगा. स्की सुटल्यावर हातात घेतलीत, तेव्हा टाचेचा खटका कसा होता? वर की खाली?"

मला आठवेना. मग आठवलं. मित्राने पहिल्यांदा स्की आणून दिली तेव्हा बूट परत घालण्याआधी खटका काठीने खाली दाबावा लागला होता. म्हणजे तो वर होता. बंद.

"बघा," त्या म्हणाल्या, "खटका बंद आणि बूट बाहेर. टाचेचा स्प्रिंग उघडलाच नाही. मग तुम्ही तो आवळून काय मिळवलंत?"

मी गप्प.

त्यांनी फॉर्म पुढे केला. वजन ७४ किलो, उंची १७२ सेंटिमीटर, वय ४६. मग आला प्रकार. इथे मी बिनधास्त 'तीन'वर खूण केली. त्यांनी फॉर्म वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तीन का?"

खरं उत्तर होतं, बरं वाटलं म्हणून. एक म्हणजे शिकाऊ, दोन म्हणजे मधला, तीन म्हणजे तरबेज, असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. पहिला प्रकार म्हणजे सावकाश, सौम्य उतारांवर जपून जाणारा माणूस. चुकून स्की सुटली तरी चालेल, पण पडल्यावर ती अडकायला नको, असं म्हणणारा. तिसरा म्हणजे वेगाने, तीव्र उतारावर जाणारा. अवेळी सुटण्याचा धोका त्याला कमी हवा असतो आणि त्यापायी पडल्यावर न सुटण्याचा जास्त धोका तो पत्करतो. दुसरा या दोघांच्या मधला. म्हणजे ही परीक्षेतली श्रेणी नव्हे, कुठला धोका अंगावर घ्यायचा याची तुमच्या सहीने दिलेली कबुली आहे. मी तीन खोडून दोन केलं. खोडाखोड केली म्हणून बाजूला सही करावी लागली, ती जरा जास्तच ठळक आली.

मग त्यांनी तक्ता काढला. आयएसओ ११०८८ या मानकाप्रमाणे हे सगळं चालतं. वजन आणि उंची यांवरून एक अक्षर मिळतं. ६७ ते ७८ किलो आणि १६७ ते १७८ सेंटिमीटर म्हणजे 'के'. वजन एका ओळीत आणि उंची दुसऱ्या ओळीत पडली तर वरची, म्हणजे हलकी ओळ धरायची. दुसऱ्या प्रकारासाठी एक ओळ खाली यायचं, तिसऱ्यासाठी दोन. वय ५० किंवा त्याहून जास्त असेल तर एक ओळ परत वर. (चार वर्षांनी मी आपोआप हलका होणार आहे. वजनाने नसलो तरी तक्त्यात तरी.) मी 'के'वरून 'एल'वर आलो. आता या ओळीत आडवं जायचं ते बुटाच्या तळाच्या लांबीप्रमाणे. ३११ ते ३३० मिलिमीटरच्या रकान्यात ६ होते, २९१ ते ३१०च्या रकान्यात साडेसहा.

बाईंनी माझा बूट उलटा केला, अंगठ्याने टाचेजवळची माती पुसली आणि आकडा वाचून दाखवला. ३०९.

"जुने?"

"३१३."

"आणि स्की जुन्या बुटांवर बसवलेल्या. मध्ये कुणी हात लावला?"

"मी. म्हणजे, स्क्रू..."

त्यांनी त्या चावलेल्या स्क्रूच्या डोक्यावर नख फिरवलं आणि काही बोलल्या नाहीत. मग खणातून त्यांचा स्क्रूड्रायव्हर काढून दाखवला. स्कीच्या स्क्रूंना साधी फुली चालत नाही, पोझिड्राइव्हचं तीन नंबरचं टोक लागतं. स्क्रूचं डोकं निरखून बघितलं तर मोठ्या फुलीच्या चार हातांमध्ये चार बारीक रेघा तिरप्या कोरलेल्या दिसतात. ती त्याची ओळख. साधी फुली आत जाते, पण पूर्ण बसत नाही, जोर लावला की वर चढते आणि धातू खाते. ड्रॉवरभर स्क्रूड्रायव्हर असलेल्या माणसाला हे माहीत नसावं याची लाज वाटली.

आता मुख्य गोष्ट. त्यांनी बूट स्कीत अडकवला आणि टाचेच्या तुकड्याच्या बाजूची एक छोटी खाच मला दाखवली. आत एक बाण आणि त्याच्यासमोर दोन रेघा. बाण त्या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा होता. तो पहिल्या रेघेपर्यंतही पोचला नव्हता.

हे फॉरवर्ड प्रेशर. नाव इंग्रजी असलं तरी गोष्ट सोपी आहे. टाचेचा तुकडा स्कीवर घट्ट ठोकलेला नसतो, तो एका रुळावर मागेपुढे सरकू शकतो. त्याच्या मागे स्प्रिंग असतो आणि बूट आत बसला की तो स्प्रिंग थोडा दबून बुटाला कायम पुढे, पंजाच्या तुकड्याकडे, रेटत राहतो. कशासाठी? कारण स्की सरळ राहत नाही. खळग्यात गेली की टोकं वर उचलून ती धनुष्यासारखी वाकते आणि पंजा व टाच यांच्यातलं अंतर कमी होतं. तेव्हा टाचेचा तुकडा मागे सरकून जागा देतो. स्की उलट वाकली की ते अंतर वाढतं, आणि तुकडा पुढे येऊन बुटाला धरून ठेवतो. पुढे यायला त्याच्याकडे दबलेला स्प्रिंग शिल्लक असावा लागतो. माझ्या स्कीत तो शिल्लकच नव्हता. बूट चार मिलिमीटर आखूड, त्यामुळे स्प्रिंग जेमतेम दबलेला. कडक बर्फावर स्की थरथरली, म्हणजे सेकंदात कितीतरी वेळा इकडून तिकडे वाकली, की एखाद्या उलट्या वाकणीत बुटाच्या पुढे-मागे केसभर फट पडायची. पंजाच्या तुकड्याची पकड गेली की बूट कडेने बाहेर. स्प्रिंग सहावर आवळा नाहीतर नऊवर, ज्या पकडीत बूट नीट बसलेलाच नाही तिचा जोर वाढवून काय होणार?

आणि तो टक्क आवाज? तो फक्त खटका लागल्याचा. बूट कपाटात ठेवून दार लावलं तरी आवाज येतो.

"पण मी तो बाण बघितला होता," मी म्हणालो. खरंच बघितला होता, हंगामाच्या सुरुवातीला. बाई हसल्या. "बूट आत घालून?" नाही. रिकाम्या बाइंडिंगवर बघितला होता. रिकाम्या बाइंडिंगवर तो बाण काहीच सांगत नाही. बूट आत, खटका बंद, मगच बघायचा. खूण दाखवायची तऱ्हा प्रत्येक बनावटीत वेगळी. कुठे बाण, कुठे रंगीत पट्टी, कुठे मागच्या स्क्रूचं डोकं आवरणाच्या कडेशी सपाट यायला हवं. ते त्या त्या बाइंडिंगच्या माहितीपत्रकातच बघावं लागतं. मित्राच्या स्कीवरचा नियम आपल्याला लागू नाही.

स्क्रू फिरवायला त्यांनी मलाच दिला. टाचेच्या मागच्या बाजूला तो असतो, तो फिरवला की तुकडा रुळावर एकेक दात पुढे सरकतो. बूट बाहेर काढायचा, थोडा फिरवायचा, बूट परत घालायचा, बाण बघायचा. मी उत्साहात जास्तच फिरवला. बूट बसवताना टाच दाबायला अंगाचा भार टाकावा लागला, आणि बाण दुसऱ्या रेघेच्याही पलीकडे. "हेही नको," त्यांनी सांगितलं. जास्त रेटला तर बूट दोन्हीकडून चेपला जातो, स्की वाकल्यावर टाचेच्या तुकड्याला मागे सरकायला जागा उरत नाही आणि सुटण्याचा सगळा हिशेब बिघडतो. दोन दात मागे. बाण बरोबर मध्ये आला. मग त्यांनी रबरी हातोडीने बुटाला दोन्ही बाजूंनी थोपटलं, बूट काढला, घातला, पुन्हा बाण बघायला लावला. जागेवर होता. उजव्या स्कीतही बाण कमीच होता, पण डाव्यापेक्षा एक दात बरा. म्हणून ती अजून सुटली नव्हती एवढंच.

मग त्या वळल्या बुटाच्या पुढच्या टोकाकडे. बुटाच्या पंजाखाली स्कीवर एक गुळगुळीत सरकती पट्टी असते. तिचं काम एकच, बूट आडवा सुटायची वेळ आली की तळ घासून अडू नये. माझ्या डाव्या स्कीतली पट्टी बोटाने ढकलली तर हलेना. फटीत बारीक वाळू आणि खडी, वाहनतळावर बूट घालून फिरल्याची सगळी कमाई. म्हणजे या एका स्कीत दोन उलट दोष एकत्र नांदत होते. मागचा रेटा कमी, म्हणून थरथरीत बूट लवकर निसटायचा. पुढची पट्टी अडकलेली, म्हणून सावकाश पिळात बूट उशिरा सुटायचा, आणि त्यावर मी चढवलेले नऊ नंबर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तर मी सोमेश्वरी नुसता बंब नव्हे, वर थोडं रॉकेलही ओतलं होतं.

पट्टी त्यांनी ओल्या फडक्याने आणि मऊ ब्रशने साफ केली. मी तेलाचा फवारा मारू का विचारलं तर जवळजवळ ओरडल्या. बाइंडिंगच्या आत कारखान्यातून घातलेलं ग्रीस असतं, बाहेरून फवारे मारले की ते धुऊन जातं, आणि जिथे तेल तिथे पुढची वाळू चिकटते.

बूट आणि पंजाच्या तुकड्याची उंची जुळते का हे बघायला त्यांनी कागदाची पट्टी घेतली, बुटाच्या तळाखाली सरकवली आणि बूट अडकवल्यावर ओढली. थोडी अडत, पण न फाटता निघाली. तशीच हवी. सहज निघाली तर बूट वरखाली खुळखुळतो, फाटली तर तळ दाबला जातोय. माझ्या बुटांचे तळ नवे आणि साधे अल्पाइन, त्यामुळे इथे अडचण आली नाही. चालायला सोपे म्हणून पुढे वर वळलेले, रबरी ग्रिपवॉक तळ आता खूप बुटांना येतात. ते सगळ्या जुन्या बाइंडिंगमध्ये चालत नाहीत, बाइंडिंगवर तशी खूण असावी लागते. माझ्या मित्राचे तसेच आहेत. मी त्याला त्याच संध्याकाळी फोन केला. नंबर वाढवायचा सल्ला देणाऱ्याला सल्ला द्यायची संधी कोण सोडतो!

सगळं यांत्रिक काम झाल्यावरच नंबर. हा क्रम महत्त्वाचा, कारण रेटा बदलला की सुटण्याचा जोरही बदलतो. तरी एक गंमत म्हणून त्यांनी नऊ तसेच ठेवून, रेटा आणि पट्टी दुरुस्त करण्याच्याही आधी, डाव्या स्कीला यंत्रावर लावून बघितलं होतं. यंत्र बूट हळूहळू पिळतं आणि तो कुठल्या बलाघूर्णाला सुटला ते न्यूटन-मीटरमध्ये दाखवतं. माझ्या 'एल' ओळीला आडव्या सुटण्यासाठी ५० न्यूटन-मीटर अपेक्षित आहे आणि टाचेकडून पुढे सुटण्यासाठी १९४. (दोन्ही खिडक्यांत आकडा तोच, पण टाचेला जवळजवळ चौपट ताकद लागते, हेही तेव्हाच कळलं.) डाव्या पंजावर आले ६६, मग ५१, मग ६०. तेच बाइंडिंग, तोच बूट, तोच नंबर, आणि तीन वेळा तीन आकडे. "हा तुमचा खरा आजार," बाई म्हणाल्या. "जास्त की कमी हे नंतर बघू. हिला स्वतःलाच माहीत नाही कधी सोडायचं."

दुरुस्तीनंतर नंबर साडेसहावर आणला. तीनदा मोजलं: ४९, ५१, ५०. त्यातला मधला आकडा धरतात. डावीकडे, उजवीकडे, मग टाच, मग दुसरी स्की. त्या शांतपणे लिहीत होत्या आणि मी परीक्षेचा निकाल लागावा तसा यंत्राकडे बघत होतो.

वाट बघताना त्यांनी एक गोष्ट सांगितली. सुटणारं बाइंडिंग बनवणाऱ्या पहिल्या लोकांपैकी एक, ह्यालमार ह्वाम, हा नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये स्थायिक झालेला स्कीपटू. १९३७ साली माउंट हूडवर त्याचा पाय मोडला आणि त्यातूनच त्याचं सुटणारं बाइंडिंग जन्माला आलं. त्याआधीची बाइंडिंगं बुटाला अशी जखडायची की त्यांना अस्वलाचा सापळाच म्हणायचे. मला वाटलं होतं या गोष्टीचा शेवट 'म्हणून नंबर वाढवू नका' असा होणार. तो वेगळाच झाला. नडगी मोडण्याचं प्रमाण १९७० च्या दशकापासून खूप खाली आलं आहे, त्या म्हणाल्या, पण गुडघ्यातल्या अस्थिबंधांचं तसं झालेलं नाही. मागे बसून, हळू पिळत जाणारी पडझड नेहमीच्या बाइंडिंगला धड ओळखताच येत नाही. "त्यामुळे त्या दिवशी ती सहावर असती तर नक्की सुटली असती, असं मी तुम्हाला सांगणार नाही. नऊवर शक्यता कमी केलीत, एवढं नक्की."

या उत्तराने माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला.

गुडघा बरा झाल्यावर पुन्हा बर्फावर गेलो, तेव्हा आधी दोन गोष्टी केल्या, ज्या आजही करतो. बूट घालण्याआधी तळाखालचा बर्फ काठीच्या टोकाने आणि मग बाइंडिंगच्या कडेवर घासून काढायचा. तळाखाली चिकटलेला बर्फाचा गोळा बूट उचलून धरतो, आणि मग रेटा, उंची, नंबर सगळं कागदावर राहतं. दुसरं, खटका लागला की वाकून बाण बघायचा. लिफ्टच्या रांगेत मागचे लोक वैतागतात, वैतागू देत.

पहिल्या सकाळी मुद्दाम तोच काचेसारखा उतार निवडला. स्की थरथरली. मी दात आवळून त्या हलक्या होण्याची वाट बघत राहिलो. ते आलंच नाही. पुढचे तीन दिवस एकदाही नाही.

चौथ्या दिवशी खालच्या रुंद रस्त्यावर, मित्राशी बोलत बोलत जाताना, माझ्या स्कींची टोकं एकमेकांवर चढली. वेग बरा होता. मी सरळ तोंडावर, आणि हवेत असतानाच पायाखाली दोन आवाज आले, टक्क आणि टक्क. उठून बसलो तेव्हा तोंडात, कॉलरमध्ये, चष्म्याच्या आत बर्फ होता आणि दोन्ही पाय मोकळे, सरळ, न दुखणारे. मित्र थोडं खाली जाऊन दोन्ही स्की गोळा करून आणत होता. मी लांबूनच बघितलं, दोन्हींचे खटके खाली होते. उघडे.

"परत सुटली?" तो ओरडला.

"सुटली!" मी म्हणालो. "दोन्ही!"

मी एवढा खूश का, हे त्याला तिथे बर्फात उभं राहून समजावून सांगायला बराच वेळ लागला.